भागधारकांची नोंदवही

मुंबईच्या फोर्टमधील एका कापडगिरणीच्या कचेरीत, जेथे भागधारकांची नावे लिहिली जातात, खोडली जातात आणि त्यांच्या जागी दुसरी लिहिली जातात त्या विभागात, माझी सारी नोकरी गेली. लोणावळ्याहून सकाळची गाडी धरावयाची, घाट उतरावयाचा, दिवसभर हस्तांतरणाच्या दस्तऐवजांवरील सह्या नमुन्याच्या सह्यांशी ताडून पाहावयाच्या आणि दिवेलागणीनंतर पुन्हा घाट चढून घरी यावयाचे, असा तो क्रम होता. त्यात नाट्य म्हणावे असे फारसे काही नव्हते. परंतु ज्या गिरणीचे माग चालताना मी क्वचितच पाहिले, तिच्या मालकांची मात्र मला त्यांच्या नावांनिशी आणि सह्यांच्या वळणांनिशी खडान्‌खडा ओळख होती. पुढे 1996 साली भागांच्या कागदांऐवजी संगणकातील खात्यांची तजवीज करणारा कायदा झाला, हळूहळू आमच्या विभागातील लोखंडी कपाटे रिकामी झाली, आणि मीही यथावकाश निवृत्त होऊन लोणावळ्याच्या पावसात कायमचा मुक्कामाला आलो. तेव्हा येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी चौथीच्या मुलांसाठी माझ्याकडे एक तास मागितला, आणि विषय सांगितला तो शेअर म्हणजे काय, हा.

बाईंची अडचण खरी होती. मुलांच्या घरोघरी वडील मंडळी मोबाईलवर हिरवे-तांबडे आकडे पाहत बसतात, त्यावरून घरात कधी हर्ष तर कधी अबोला होतो, आणि मुले शाळेत येऊन त्याचा अर्थ विचारतात. वर्गात रेल्वेच्या गँगमनची मुले होती, चिक्कीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायांची होती, मुंबईकरांच्या बंगल्यांवरील माळ्यांची आणि रखवालदारांची होती, कुरवंडे-वळवणकडच्या शेतकऱ्यांची होती, आणि एकदोन हॉटेलवाल्यांचीही होती. पहिल्याच दिवशी मी त्यांना शेअर म्हणजे काय असे उलट विचारले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, खालीवर होतं ते." ही व्याख्या मी पुढे पुष्कळ जाणत्या लोकांच्या तोंडूनही ऐकली आहे, त्यांनी ती अधिक शब्दांत सांगितली, एवढाच काय तो फरक.

लहान मुलांना हा विषय समजावून देणारी माणसे सहसा असे म्हणतात की, भाग म्हणजे कंपनीचा एक छोटासा तुकडा. हे सांगणे चुकीचे नव्हे. पण मूल हे मोठ्या माणसाहून अधिक काटेकोर असते, आणि तुकडा म्हटला की तो कोणता, हे त्याला कळावे लागते. आमच्या गिरणीचे शंभर भाग एखाद्याजवळ असले तर त्याच्या वाट्याला कोणता माग, कोणती खिडकी, कोणती खुर्ची, या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून मी तुकड्याची गोष्ट बाजूला ठेवून जे माझ्या नित्याच्या परिचयाचे होते तेथूनच आरंभ केला, आणि ते म्हणजे वहीतील नाव. मावळातल्या मुलाला वहीतील नावाचे माहात्म्य सांगावे लागत नाही, कारण सातबाऱ्याचा उतारा त्याने घरच्या पेटीत पाहिलेला असतो. आजाचे नाव होते. आजा गेला, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आणि आता त्याच गटावर बापाचे, चुलत्यांचे आणि आत्यांचे अशी सारी नावे सामाईकात आहेत. शेत एकच, त्यातले कोणते ढेकूळ कोणाचे हे कुणाला सांगता येत नाही, तरी प्रत्येकजण मालक आहे. इतके सांगताच वर्गातल्या निम्म्या माना हलल्या.

पण साम्य येथवरच जाते, आणि ते कोठे तुटते हेही त्याच दिवशी सांगणे मला अगत्याचे वाटले. चुलत्याला वाटणी मागता येते, त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करता येतो, मोजणी आणून बांध घालता येतो. गिरणीच्या भागधारकाला मात्र माझा माग सोडवून द्या असे म्हणता येत नाही, किंबहुना चालत्या कंपनीकडे आपले घातलेले पैसे परत मागण्याचाही त्याला सामान्यतः अधिकार नसतो. मजुरी, कापूस, व्याज आणि कर हे सारे भागून जे उरेल त्यातून संचालकांनी शिफारस केली आणि सभेने मंजूर केले तर लाभांश, सभेत मत, आणि कंटाळा आला तर आपल्या जागी दुसऱ्या कुणाचे नाव वहीत घालून बाहेर पडण्याची मोकळीक, एवढेच त्याच्या हाती येते. जो आकडा खालीवर होतो तो या शेवटच्या गोष्टीचा, म्हणजे वहीतील ती जागा घेण्यासाठी आज दुसरा मनुष्य काय द्यावयास तयार आहे याचा. "म्हणजे गिरणीचा काही संबंधच नाही?" असे एका मुलीने विचारले. संबंध आहे, पण तो त्या माणसाच्या मनातला आहे, असे मी म्हणालो; आणि दलाल स्ट्रीटवर उभी हयात घालविलेल्या माणसांनाही यापेक्षा चांगले उत्तर ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

रद्द झालेले एक भागपत्र मी जपून ठेवले होते; ते मुलांच्या हाती दिले. जाड, किंचित पिवळट कागद, भोवती नोटेवर असते तशी वेलबुट्टी, वर कंपनीचे नाव, मध्ये धारकाचे नाव टंकलेखन यंत्रावर ठोकलेले, खाली दोन संचालकांच्या सह्या आणि उजव्या बाजूस कंपनीची उठावाची मोहर, जिच्यावरून प्रत्येक मुलाने बोट फिरवून पाहिले. मागच्या बाजूस हस्तांतराचे रकाने. त्यांत एकाखाली एक चार नावे, प्रत्येकापुढे तारीख आणि आमच्या विभागाचा शिक्का. कागद एकच राहिला आणि मालक चारदा बदलले, ही गोष्ट मुलांना समोरच्या वेलबुट्टीपेक्षा अधिक आवडली. त्यातले एक नाव विधवा बाईचे होते आणि पुढचे तिच्या मुलाचे, हे त्यांनी आपले आपणच ओळखले.

आमच्या शाळेच्या आवारात बसले की घाट चढून आलेल्या गाड्यांचा आवाज येतो, त्यामुळे पुढच्या धड्याला सामग्री शोधावी लागली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही इंग्लंडात भांडवल उभारलेली खाजगी कंपनी होती, आणि भोर घाटातील तिची चढण, 25 बोगद्यांसह, 1863 साली खुली झाली. पावसाळ्यात ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मुंबईकर भिजत बसतात तेही वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेसाठीच बांधलेले. या कंपनीचे भागधारक मुख्यतः विलायतेतले; त्यांतील बहुतेकांनी हा घाट जन्मात पाहिला नसेल. आणि 1849 च्या करारान्वये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना भांडवलावर दरसाल दर शेकडा 5 प्रमाणे व्याजाची हमी दिलेली होती. म्हणजे रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून भरून द्यावयाची. नफातोट्याची कल्पना नुकतीच समजलेल्या मुलांना हे विचित्र वाटले. "मग तिजोरीत कुठनं यायचं?" हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर एका शेतकऱ्याच्या मुलानेच दिले: "सारा भरत्यात की." हमीची ही पद्धत हिंदी रयतेस केवढी महाग पडली याची चर्चा आमच्या अर्थशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, तिचा गाभा या तीन शब्दांत होता.

या विलायती वहीपुढे आपल्या लोकांची वही ठेवावी म्हणून मी 1907 सालची हकीकत सांगितली. टाटांच्या पोलाद कंपनीला लंडनच्या बाजारात मनाजोगे भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी ते येथेच मागितले, आणि स्वदेशीच्या त्या भारलेल्या दिवसांत मुंबईच्या त्यांच्या कचेरीपुढे झुंबड उडून तीन आठवड्यांत सुमारे 8000 हिंदी लोकांनी ते भरून काढले. आणि त्याच काळी, 1908 साली, आमच्याच तालुक्यात तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला, तो मात्र अगदी निराळ्या मार्गाने. अंताजी दामोदर काळे यांची मूळ कल्पना अशी की, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी धंदे उभे राहावेत. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, गावोगाव पेट्या फिरल्या, आणि त्या पैशांतून तळेगावच्या भट्ट्या पेटल्या. तेथे काचकाम शिकलेले लोक पुढे देशभर पसरले. येथे पैसा देणाराचे नाव भागधारक म्हणून कोणत्याही वहीत चढले नाही; त्याला मत नव्हते, लाभांश नव्हता, विकण्यासारखे काही नव्हते. यांपैकी कोणते बरे, असे मी वर्गाला विचारले. बहुतेकांना पैसाफंड थोर वाटला, परंतु स्वतः पैसे घालावयाचे झाले तर कोठे घालाल असे विचारताच सारे पोलादाकडे वळले. मला यात दांभिकपणा दिसला नाही. दान आणि भांडवल ही दोन वेगळी कामे आहेत, आणि देशाला दोन्ही लागली.

यानंतरचा तास मी योजलेला नव्हता. टाटांच्याच 1910 सालच्या जलविद्युत कंपनीविषयी मी सांगत होतो: लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे पावसाचे पाणी अडवावयाचे, ते नळांतून सुमारे 1700 फूट खाली खोपोलीस सोडावयाचे, आणि तेथे निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, 1915 पासून हे सुरू झाले. माझा हेतू एवढाच दाखविण्याचा होता की, समोरच्या तळ्यालाही भागधारक असतात. तेव्हा नेहमी गप्प बसणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या आजीचं गाव धरणात गेलंय. तिचं नाव होतं का त्या वहीत?"

नव्हते, असे मी सांगितले, कारण दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते. 1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सरकारला कंपनीसाठीसुद्धा जमीन घेता येत असे, आणि जमीन ज्याची त्याला मोबदला मिळे. मोबदला म्हणजे रक्कम हाती देऊन नाते तोडणे. शेजारच्या मुळशीत हीच गोष्ट 1921 साली पेटली. तेथील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, पांडुरंग महादेव बापट त्यात पडले आणि सेनापती म्हणून ओळखले जाऊ लागले, विनायकराव भुस्कुटे यांनी तुरुंगवास पत्करला. 1924 पर्यंत लढा चालला, आणि धरण झाले ते झालेच. त्यातली सर्वांत कडवट गोष्ट नोंदवहीशीच निगडित आहे. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर नाव त्यांचे आणि नांगरामागे माणूस दुसराच, त्यामुळे मोबदल्याची घासाघीस करून मिटवून घेण्यात सावकारांचे हित होते आणि जमीन सोडून जाण्यात कुळाचा सर्वनाश. चौथीच्या मुलांना मी हे इतक्या शब्दांत सांगितले नाही, पण वहीत नाव नसलेला मनुष्य वहीच्या दृष्टीने नसतोच, हे सांगितले.

"मग जमिनीच्या बदल्यात शेअरच द्यायचे की," असे त्या मुलीने सुचविले. हा विचार तिला सुचण्यापूर्वी आमच्याच जिल्ह्यात एकदा अमलात आलेला आहे, हे मला सुदैवाने ठाऊक होते. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांच्या आसपासची जमीन बिल्डरांना विकून न टाकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग असे ठरवून तेथे शहर वसविले. मगरपट्टा पुणे शहराच्या वेशीवर होता, शेतकरी बव्हंशी एकाच आडनावाचे आणि एकमेकांवर विश्वास ठेवणारे होते, तळाशी जाणाऱ्या दूरच्या खोऱ्यातल्या गरीब गावाला ते साधले असते की नाही याची मला शंकाच आहे. परंतु ही शंका मी वर्गात बोलून दाखविली नाही.

प्रत्यक्ष कृतीशिवाय शिक्षण नाही असे बाईंचे मत असल्यामुळे जानेवारीतल्या आनंदबाजारासाठी मुलांची कंपनी काढण्यात आली. पाच रुपयांचा एक असे 40 भाग, म्हणजे 200 रुपये भांडवल. जाबद्याची लाल वही मी आणली, आणि प्रत्येकाचे नाव त्याच्याच हस्ताक्षरात तीत चढले. बहुतेकांनी एकेक भाग घेतला. एका हॉटेलवाल्याच्या मुलाने 15 घेतले, त्याच्या दोघा जिवलगांनी तीन-तीन. भांडवलदारी व्यवस्थेवरील कोणतेही व्याख्यान जे करू शकले नसते ते यानंतरच्या सभेने केले. लोणावळ्याच्या थंडीत गरम शेंगा विकाव्या असे बहुसंख्य मुलांचे मत. त्या मुलाला लिंबू सरबत आवडे. एका भागाला एक मत हा नियम मी आधीच वाचून दाखविलेला होता. मोजणी झाली, 21 विरुद्ध 19, आणि सरबताचा ठराव मंजूर झाला.

सकाळी धुके होते, दुपारी बोचरा वारा, आणि सरबताकडे कोणी फिरकेना. भांडवलाचे 200 रुपये पेले, साखर आणि पाटी रंगविण्यात संपलेले. लिंबे बाजारातल्या एका मावशींकडून 140 रुपयांची उधार आणलेली. आणि दिवसभराची विक्री 90. पन्नास रुपये कमी पडले. ते कोणी द्यावयाचे, या प्रश्नापाशी आल्यावर मला मर्यादित या शब्दाचा अर्थ सांगणे प्राप्त झाले. ज्याने आपल्या भागाची पूर्ण किंमत भरली आहे त्याच्याकडे कंपनीचे सावकार आणखी मागू शकत नाहीत. भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपलीकडे जात नाही. म्हणजे मावशींचे पन्नास रुपये बुडाले. वर्गात आरडाओरडा झाला. काहींनी वर्गणी काढण्याचे सुचविले, तेव्हा 15 भागांचा धनी म्हणाला, "सर म्हणाले द्यायचे नसतात." कायद्याने त्याचेच म्हणणे बरोबर होते आणि तसे मी स्पष्ट सांगितले, जरी ते सांगताना मला काही सुख झाले नाही. अखेर बाईंनी ती रक्कम शाळेच्या किरकोळ खर्चातून मावशींना देवविली. त्यावर मागच्या बाकावरून, आकडे खालीवर होतात असे सांगणाऱ्या त्याच मुलाचा आवाज आला: "म्हणजे रेल्वेसारखं झालं." मावशींनी मात्र पुढच्या वर्षी लिंबे रोखीने दिली.

त्या पुढच्या वर्षी मुलांनी, म्हणजे नव्या चौथीने, आधीच्यांकडून सारी हकीकत ऐकून अट घातली की माणशी एकच मत. अशी व्यवस्था आहे आणि तुमच्यांपैकी काहींच्या घरची माणसे तीत आहेत, असे मी सांगितले: कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचे सभासद शेतकरी भाग घेतात, पण भाग कितीही असोत, मत एक. या नियमाची दुसरी बाजूही आपोआप कळली. मत एकच असेल तर भाग तरी अधिक कशाला घ्यावयाचे, असा विचार करून ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनीही एकेकच घेतला, भांडवल तोकडे पडले, आणि शेंगा अर्ध्या दुपारीच संपल्या. नफा झाला तो थोडा. वाटावा की पुढच्या वर्षासाठी ठेवावा यावर मात्र दोन तास वाद झाला, आणि तो काही बाबतींत मी पाहिलेल्या वार्षिक सभांहून अधिक गंभीर होता, कारण आमच्या गिरणीच्या सभेला येणाऱ्या भागधारकांपैकी बऱ्याच जणांचे लक्ष ताळेबंदापेक्षा चहाबरोबर मिळणाऱ्या खाऊच्या पुड्यावर असे.

पालकांपैकी पुष्कळांना या उद्योगाचे कौतुक वाटले, काहींना नाही. जमिनीच्या दलालीचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ एके संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "काका, ते वही-बिही राहू द्या, पोरीला कोणता शेअर घ्यायचा ते सांगा की." कोणता घ्यावा हे मला आयुष्यात कधी कळले नाही, म्हणूनच मी कारकून राहिलो, असे मी त्यांना सांगितले. मग त्यांनी सोबतच्या पिशवीतून खरे काम बाहेर काढले. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे ट्रंकेत भागपत्रांची एक चळत सापडली होती. पत्ता बदलल्याचे कधी कळविलेले नव्हते, लाभांशाची वॉरंटे जुन्या भाड्याच्या खोलीवर जात आणि परत जात राहिली होती. सलग सात वर्षे लाभांश कोणी न घेतल्यास तो आणि ते भागसुद्धा गुंतवणूकदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या निधीकडे वर्ग होतात, असा 2013 च्या कंपनी कायद्याचा नियम आहे. ते परत मिळविता येतात, पण त्यासाठी आयईपीएफ-5 हा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि पुष्कळ धीर लागतो.

आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. त्यांची मुलगी, जी माझ्या वर्गात होती, फोलिओ क्रमांक आणि भागांचे अनुक्रमांक मोठ्याने वाचू लागली आणि मी ते जुन्या सवयीने रकान्यांत उतरवू लागलो. अर्ज गेला आहे. कंपनीने आणखी एक कागद मागितला आहे: आजोबांच्या नावापुढचे "राव" भागपत्रावर आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाही, तरी दोन्ही इसम एकच, असे प्रतिज्ञापत्र.